पेनड्राइव्ह चार वेळा फॉरमॅट केला, तरी शॉर्टकट परत का येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर. पंधरा दिवसांपासून कुठलाही पेनड्राइव्ह लावला की आतल्या फोल्डरांच्या जागी बाणाचं चिन्ह असलेले शॉर्टकट दिसतात. दुकानाचा पेनड्राइव्ह चार वेळा फॉरमॅट करून झाला, अँटिव्हायरसही आहे, तरी तेच. एका गिऱ्हाइकाचे मुलीच्या लग्नाचे फोटो 'उडाले' म्हणून तो दुकानात येऊन भांडून गेला. ताई विचारतात, व्हायरस असतो तरी काय, येतो कुठून, विंडोज नवीन टाकू का, आणि मोबाइलमध्ये शिरेल का?

ताई, आधी त्या फोटोंचं बघू, कारण घाईत तेवढं एकच नुकसान कायमचं होऊ शकतं. तो पेनड्राइव्ह कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. आत फक्त एक-दोन केबीचे शॉर्टकट दिसतायत, पण भरलेली जागा वीस-बावीस जीबी दाखवतोय, असं असेल तर फोटो जागच्या जागी आहेत. ते उडालेले नाहीत, लपवलेले आहेत. परत कसे दिसतील ते खाली सांगतो, पण आज लगेच करू नका. आधी कॉम्प्युटर साफ व्हायला हवेत.

कारण खरी अडचण पेनड्राइव्हमध्ये नाहीच. तुम्ही चार वेळा पेनड्राइव्ह धुतलात आणि चारही वेळा तो त्याच मळक्या कॉम्प्युटरला लावलात. पेनड्राइव्ह ही या व्हायरसची एसटी आहे, घर नव्हे. त्याचा मुक्काम तुमच्या तीनपैकी निदान एका मशीनमध्ये आहे. तिथे तो गुपचूप चालू असतो आणि नवा पेनड्राइव्ह लागला रे लागला की काही सेकंदांत त्यात स्वतःची प्रत टाकतो. म्हणून 'पेनड्राइव्ह साफ कसा करू' यापेक्षा 'माझ्या कुठल्या मशीनमधून हा बाहेर पडतोय' हा प्रश्न धरा.

आता व्हायरस म्हणजे काय. नावामुळे लोकांना वाटतं की तो हवेतून येतो, वायरमधून सरपटतो, धूळ बसली की होतो. (धुळीचं मी खरंच ऐकलंय. एक गृहस्थ सीपीयू आतून ओल्या फडक्याने पुसून घेऊन आले होते.) व्हायरस हा एक प्रोग्राम आहे, बस. तुमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर जसं कुणीतरी बसून लिहिलं, तसाच हाही कुणीतरी बसून लिहिलेला. फरक एवढाच की त्याच्या सूचनांमध्ये 'आधी माझी दुसरी प्रत कर' ही सूचना असते. पुढे काय करायचं, म्हणजे पासवर्ड चोरायचे, फायली कुलूपबंद करून पैसे मागायचे की नुसता उच्छाद मांडायचा, ते लिहिणाऱ्याच्या मनावर. आणि प्रोग्राम असल्यामुळे त्याला एक मोठी मर्यादा आहे. कुणीतरी चालवल्याशिवाय तो काहीही करू शकत नाही. डिस्कवर नुसती पडलेली व्हायरसची फाइल म्हणजे पोत्यातलं बियाणं. ते वर्षभर पडून राहील.

मग चालवतं कोण? माझ्या अनुभवात तीनच उत्तरं आहेत. एकतर माणूस स्वतः चालवतो, दुसरं काहीतरी समजून. किंवा कॉम्प्युटर आपणहून चालवतो, कारण सोयीसाठी त्याला तसं शिकवलेलं असतं. किंवा विंडोजमध्ये एखादं भोक असतं आणि त्यातून बाहेरचा कुणी परस्पर चालवतो. पुस्तकात याला व्हायरस, वर्म, ट्रोजन अशी वेगवेगळी नावं आहेत. दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून फिरतो तो व्हायरस, स्वतःच्या पायावर फिरतो तो वर्म, सोंग घेऊन आत येतो तो ट्रोजन. त्या हिशेबाने तुमच्याकडचा बहुधा वर्म आहे. पण दुकानात सगळे व्हायरसच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

तुमच्याकडचा कसा चालतो ते एकदा स्वतः बघा. एका शॉर्टकटवर, डबल क्लिक नाही, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट' असं लिहिलेल्या खान्यात कर्सर ठेवून शेवटपर्यंत सरकत जा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा पत्ता असतो. तुमच्याकडे बहुतेक सुरुवातीला 'सीएमडी डॉट एक्सई' दिसेल, मग 'स्टार्ट', मग काहीतरी विचित्र नावाची, शेवटी 'व्हीबीएस' असलेली फाइल, आणि त्याच्याही पुढे 'एक्सप्लोरर' आणि तुमच्या खऱ्या फोल्डरचं नाव. म्हणजे एका डबल क्लिकमध्ये दोन कामं होतात. आधी व्हायरसची फाइल चालते आणि लगेच खरा फोल्डरही उघडतो. गिऱ्हाइकाला त्याचे फोटो दिसतात, त्याला काहीच वावगं वाटत नाही. मला विचाराल तर सगळी चलाखी त्या दुसऱ्या अर्ध्या ओळीत आहे. फोल्डर उघडला नसता तर माणसाला पहिल्याच दिवशी संशय आला असता.

ती व्हीबीएस फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. विंडोजमध्ये असा मजकूर वाचून त्यातल्या सूचना पाळणारा एक अधिकृत प्रोग्राम मुळातच असतो, 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाचा. व्हायरस त्याच्याकडून काम करून घेतो. स्वतःची एक प्रत तुमच्या युजरच्या लपलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये टाकतो, कॉम्प्युटर सुरू झाला की आपणही सुरू व्हावं म्हणून स्टार्टअपमध्ये किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) नोंद करतो, आणि मग पेनड्राइव्हची वाट बघत बसतो. पेनड्राइव्ह लागला की आतल्या प्रत्येक फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो. विंडोजला वाटतं ही आपली अंतर्गत फाइल आहे, दाखवायला नको. त्याच नावाचा शॉर्टकट शेजारी ठेवला की काम झालं.

ही युक्ती आली कुठून, ते थोडं मागे जाऊन सांगतो. पीसीवर पहिला पसरलेला व्हायरस म्हणून 'ब्रेन'चं नाव घेतात. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. त्यांनी तर आत स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला होता! तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. फ्लॉपी आत विसरून मशीन सुरू केलं की हार्ड डिस्कच्या आधी फ्लॉपी वाचली जायची आणि व्हायरस चालू व्हायचा. पुढे पेनड्राइव्ह आले आणि विंडोजमध्ये एक सोय होती, ऑटोरन. पेनड्राइव्ह लावला की आतला प्रोग्राम आपोआप सुरू. व्हायरसवाल्यांना आयतंच रान मोकळं. २००८च्या शेवटी आलेला 'कॉन्फिकर' नेटवर्कमधून पसरायचाच, शिवाय ऑटोरनवरूनही. २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारा अपडेट सगळ्यांकडे पाठवला. दार बंद झालं, म्हणून आता माणसाकडून क्लिक करून घ्यायला हवा होता, आणि मी तरी शॉर्टकटच्या साथीकडे तसंच बघतो. कॉम्प्युटर आपणहून उघडत नाही ना, मग तुमच्याच बोटाने उघडायचं.

याला एक अपवाद आहे, तो लपवत नाही. २०१०मध्ये उघडकीला आलेला 'स्टक्सनेट' शॉर्टकटचं नुसतं चिन्ह स्क्रीनवर दिसलं तरी चालू व्हायचा, क्लिकसुद्धा नको. इराणच्या नतांझ इथली युरेनियमची यंत्रं बिघडवायला तो बनवलेला होता, आणि इंटरनेटपासून तोडलेल्या मशीनपर्यंत जायला पेनड्राइव्हच कामी आला. त्या भोकासाठी अपडेट त्याच वर्षी आला. पण बुजवणारा अपडेट ज्याने टाकलाय त्याच्यापुरतंच बुजलं. तुम्ही लिहिलंय की एक मशीन जुन्या प्रिंटरसाठी अजून विंडोज ७वर ठेवलंय. त्याला मायक्रोसॉफ्टचे अपडेट जानेवारी २०२०पासून बंद आहेत. माझा पहिला संशय त्याच मशीनवर आहे.

भोकातून शिरणं म्हणजे काय याचा नमुना म्हणजे 'वॉनाक्राय', १२ मे २०१७. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, आणि कुणी काही न उघडता एका मशीनमधून नेटवर्कवरच्या दुसऱ्यात जाणारा. त्याचा अपडेट १४ मार्चलाच आला होता. जवळजवळ दोन महिने हातात होते आणि तरी जगभरात धुमाकूळ झाला. जूनच्या शेवटी तेच भोक वापरणारा 'नॉटपेट्या' आला, त्यात मर्स्क ही जहाज कंपनी अडकली, आणि तिचं उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. तुमची तीन मशीन एकमेकांना जोडलेली आहेत आणि एक शेअर केलेला फोल्डर सगळ्यांना खुला आहे असं तुम्ही म्हणता. बंदराचं जे झालं ते त्या तीन टेबलांवर छोट्या प्रमाणात होऊ शकतं.

'अँटिव्हायरस असून कसा आला' हा तुमचा सगळ्यात रागाचा प्रश्न. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या गुन्हेगारांची यादी घेऊन दारात उभा असतो. व्हीबीएससारख्या मजकुराच्या व्हायरसमध्ये चार ओळी इकडच्या तिकडे केल्या की चेहरा बदलतो. आता वागणुकीवरून ओळखणारेही आहेत, पण त्यांनाही कधी उशीर होतो. त्याहून मोठं कारण मात्र आपल्याच हातचं असतं, आणि वाईट वाटून घेऊ नका, पण विचारतोच. डीटीपीचं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकलेलं आहे का? ते टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलेलं होतं का, आणि नंतर तो फोल्डर तपासणीतून वगळला होता का? दहातल्या सात दुकानांत मला हेच सापडतं. दाराशी वॉचमन ठेवायचा आणि मागच्या दाराची किल्ली ओळखदेख नसलेल्या माणसाला द्यायची, असं ते आहे. वर्षाची मुदत संपलेला अँटिव्हायरस कोपऱ्यात लाल होऊन बसलेला असतो, तो आणखी वेगळा. आणि दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नका, ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात.

विंडोज नवीन टाकू का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्याकडे नुसता शॉर्टकटवाला असेल तर गरज नाही, तो अर्ध्या तासात निघतो. पण एक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या फायलींना चिकटणारा असेल, 'सॅलिटी' घराण्यातला, तर मी साफ करण्याच्या भानगडीत पडत नाही, नवीनच टाकतो. आणि इथे एक चूक जवळपास प्रत्येकजण करतो. फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतात. डी ड्राइव्हमध्ये प्रिंटरचे, टायपिंगचे, ड्रायव्हरचे सेटअप वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात आणि त्या प्रत्येक सेटअपला व्हायरस चिकटलेला असतो. नवीन कोऱ्या विंडोजवर पहिलं काम काय, तर डीमधून प्रिंटरचा सेटअप चालवायचा. संध्याकाळपर्यंत पहिले पाढे पंचावन्न. गिऱ्हाईक म्हणतं, इंजिनिअरने नीट केलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही हे केलंय आणि एकाच गिऱ्हाइकाकडे तीनदा फुकट चकरा मारल्यात.

चिकटणं म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा कळलं २६ एप्रिल १९९९ला. मी तेव्हा एका दुकानात दुरुस्ती शिकत होतो. सकाळपासून एकामागून एक मशीन यायला लागली. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, बीपसुद्धा नाही. तो 'सीआयएच', म्हणजे चेर्नोबिल. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला. एक्सई फाइलच्या आत मध्ये मध्ये जी रिकामी जागा उरते, तिच्यात तो स्वतःचे तुकडे करून बसायचा, म्हणून फाइलची साइज एक बाइटसुद्धा वाढायची नाही. तोवर आम्ही साइज वाढली का एवढंच बघून व्हायरस ओळखायचो! तारीख उजाडली की हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही मदरबोर्डांवर बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, चिपही खराब करायचा. त्या चिपा उपसून, दुसऱ्या चांगल्या बोर्डावर नव्याने लिहून परत बसवायला आम्हाला पुढचे कित्येक दिवस लागले.

तर आता तुम्ही काय करायचं. दुकान एक दिवस अर्धवट बंद ठेवायची तयारी ठेवा, कारण तिन्ही मशीन एकाच दिवशी करायला हवीत. दोन आज आणि एक परवा केलं तर परवाचं मशीन आजच्या दोघांना परत देतं. आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. टास्क मॅनेजर उघडून डब्ल्यूस्क्रिप्ट चालू दिसतोय का बघा. तुम्ही काही न करता तो सतत चालू असेल तर चोर घरातच आहे. तो 'एंड टास्क' करा, मग त्याच टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर अनोळखी नाव बंद करा. विंडोज ७मध्ये ते पान टास्क मॅनेजरमध्ये नसतं, तिथे 'एमएसकॉन्फिग' उघडावं लागेल. त्यानंतर विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडरचं 'ऑफलाइन स्कॅन' लावा. विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी ते तपासतं, त्यामुळे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. मग पूर्ण स्कॅन, डी ड्राइव्हसकट, रात्रभर चालू ठेवलं तरी चालेल. तेवढा वेळ एकही पेनड्राइव्ह लावायचा नाही. दुकानातल्या पोराला हे दोनदा सांगा, गिऱ्हाईक आलं की हात आपोआप जातो.

तिन्ही मशीन साफ झाली की फोल्डरच्या 'व्ह्यू'च्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बदला. 'हाइड एक्स्टेन्शन्स' याची टिक काढा, म्हणजे फोल्डरचं चित्र लावून बसलेली एक्सई फाइल नावावरून ओळखू येईल. आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' याचीही टिक काढा आणि लपवलेल्या फायली दाखवायला सांगा, म्हणजे लपवलेले फोल्डर फिकट रंगात दिसतील. ही दुसरी टिक काम झालं की परत लावा, नाहीतर कुणीतरी नको ती फाइल डिलीट करेल.

आता त्या लग्नाच्या फोटोंकडे. साफ मशीनला पेनड्राइव्ह लावा, काहीही न उघडता आधी स्कॅन करा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा. पेनड्राइव्हला एफ अक्षर मिळालंय असं धरतो. फोनवर सांगतो तसं सांगतो, एका ओळीत टाइप करा: अ‍ॅट्रिब, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, एफ कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी. एंटर. यात एच म्हणजे हिडन आणि एस म्हणजे सिस्टिम, तेच दोन शिक्के आपण पुसतोय. थोडा वेळ काही घडत नाहीसं वाटेल, मग फोल्डर दिसू लागतील. काही जातींमध्ये सगळा माल नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये ढकललेला असतो, तोही आता दिसेल, त्यात शिरून बघा. फोटो कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, फक्त फोटो, बाकी काही नाही. मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि फोटो परत भरा. शक्य झालं तर हे त्या गिऱ्हाइकासमोर करा.

पुढचं नियोजन तुमच्या धंद्यावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हसाठी एकच मशीन ठेवलं असतं, ज्यावर दुकानाचं बँकेचं आणि पोर्टलांचं लॉगिन कधीच उघडायचं नाही. विंडोज ७वालं मशीन प्रिंटरपुरतं ठेवायचं असेल तर ठेवा, पण इंटरनेट तोडून आणि त्यात बाहेरचा पेनड्राइव्ह न लावता. सेटअप फायली डी ड्राइव्हमध्ये न ठेवता डीव्हीडीवर लिहून ठेवा, किंवा लॉकची खटकी असलेल्या एसडी कार्डवर. डब्ल्यूस्क्रिप्ट रजिस्ट्रीतून कायमचा बंदही करता येतो, पण तुमच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला तो लागत असेल तर ते अडेल, म्हणून तो उपाय न बघता सांगणार नाही. आणि शेअर केलेल्या फोल्डरला पासवर्ड लावा, तो सगळ्यांना खुला असायचं काही कारण नाही.

मोबाइलचं म्हणाल, तर हा विंडोजचा व्हायरस अँड्रॉइडवर चालणार नाही. मेमरी कार्डात बसून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाईल एवढंच. मोबाइलची काळजी वेगळीच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' म्हणून एपीके फाइल येते ती. पत्रिका ही पीडीएफ असते नाहीतर फोटो, एपीके म्हणजे अ‍ॅप. गिऱ्हाइकाने अशी 'पत्रिका' प्रिंट काढायला पाठवली तर उघडू नका, आणि त्यालाही सांगा. त्याने आधीच उघडली असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायला लावा, बँकेच्या रांगेत उभं राहण्याच्या आधी.

तुमच्याकडे नेमका कोणता आहे हे मशीन न बघता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या 'टार्गेट'च्या खान्यातली पूर्ण ओळ कागदावर उतरवून किंवा फोटो काढून पाठवा. सोबत तिन्ही मशीनवर कुठलं विंडोज आहे ते, आणि डी ड्राइव्हमधल्या सेटअपवर स्कॅनमध्ये काही सापडलं का तेही. डीमध्ये काही सापडलं असेल तर तो प्रिंटरचा सेटअप मी कळवेपर्यंत चालवू नका.